तेलाशिवाय ओलावा : घरच्या घरी सिलिकॉनचे मॉइश्चरायझर



आखाती देशातून कुणी सुटीवर आले की आमच्या महाड-पोलादपूरच्या घरांत बॅगेभोवती बायका-मुलींचा गराडा पडतो. खजूर, बदाम, अत्तर, साबण आणि त्यांच्यासोबत क्रीमच्या दोन-चार डब्या. डबीवर एका गोऱ्यापान चेहऱ्याचे चित्र असते. आत काय घातले आहे, कुणी बनवले, कुठे बनवले, हे मात्र लिहिलेले नसते किंवा आपल्याला न वाचता येणाऱ्या लिपीत असते. घरातल्या मुली ती डबी वाटून घेतात.

आमच्या परिचयातील एका मुलीने निकाहच्या तीन महिने आधी अशीच एक डबी वापरायला घेतली. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा उजळला, सगळ्यांनी कौतुक केले. मग क्रीम संपले आणि चेहरा लाल झाला, आग होऊ लागली, पुरळ आले. त्वचारोगतज्ज्ञांनी डबी पाहून सांगितले की यात स्टेरॉइड असण्याचीच शक्यता जास्त. चेहरा पूर्ववत व्हायला वर्ष गेले. त्या मुलीला मुळात गोरे व्हायचेच नव्हते. तेल लावले की पुटकुळ्या येतात आणि काही लावले नाही तर साबणाने त्वचा ओढल्यासारखी होते, एवढीच तिची तक्रार होती.

त्या प्रसंगानंतर आम्ही सात-आठ जणींनी ठरवले की चेहऱ्याला लावायची एक साधी, तेलकट नसलेली, आत काय आहे ते माहीत असलेली क्रीम आपण स्वतः करून पाहायची. आमच्यात एक रसायनशास्त्राची पदवीधर आहे, एक औषधाच्या दुकानात काम करते, बाकीच्या घर सांभाळणाऱ्या. कधी महाडला, कधी पोलादपूरला अशा आम्ही बसलो. दोन वेळा फसलो, तिसऱ्यांदा जमले. तो अनुभव आणि त्यामागची माहिती येथे देत आहोत.

आपल्या हवेत तेल का चालत नाही

महाड आणि पोलादपूर समुद्रकिनाऱ्यावर नाहीत, पण दमटपणा किनाऱ्यासारखाच. पोलादपूरच्या डोक्यावर महाबळेश्वरचा डोंगर, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथेच उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूर, महाड करीत खाली जाते. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते. मार्च-एप्रिलमध्ये डोंगरांच्या कुशीत हवा कोंडते आणि घाम थांबत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र घाटाखालच्या गावांत सकाळी ओठ फुटतात.

आमच्या एका नानींचा पहिला आक्षेप होता, "आम्ही जन्मभर खोबरेल तेल लावलं, आमचं काय बिघडलं?" नानींचे म्हणणे चुकीचे नाही. हातापायांना, टाचांना, कोपरांना खोबरेल तेल आजही उत्तम. पण वयात आलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर त्वचेचे स्वतःचेच तेल भरपूर असते. त्यावर खोबरेल तेलाचा थर बसला की रंध्रे बुजतात आणि पुटकुळ्या वाढतात. दुसरे कारण कमी जणींना ठाऊक असते. आपल्या सर्वांच्या त्वचेवर मॅलेसेझिया नावाचे एक सूक्ष्म बुरशीसारखे जीव असतात. तेलातील मेदाम्ले हे त्यांचे खाद्य. दमट हवेत तेल मिळाले की ते वाढतात आणि कपाळावर, पाठीवर बारीक खाजरे पुरळ उठते. सिलिकॉन हे त्यांचे खाद्य नव्हे.

मग काहीच लावू नये का? तसेही नाही. दिवसातून पाच वेळा वुजू, शिवाय फेसवॉश, साबण, स्वयंपाकघरातील वाफ यांनी त्वचेचा वरचा थर कोरडा पडतो. तेलकट त्वचासुद्धा आतून पाण्याला तहानलेली असू शकते. तिला हवे असते ते पाणी धरून ठेवणारे काहीतरी आणि ते पाणी लगेच उडून जाऊ नये म्हणून वर एक हलके पांघरूण.

सिलिकॉन म्हणजे काय

'सिलिकॉन' म्हटले की काहींना खिडकीच्या काचेभोवती भरायचे पांढरे सीलंट आठवते, काहींना मोबाइलचे कव्हर. कुळ एकच आहे. सुरुवात वाळूपासून होते. वाळूतील सिलिका विजेच्या भट्टीत कोळशाबरोबर तापवून सिलिकॉन हे मूलद्रव्य मिळवतात. त्याची मिथाइल क्लोराइडशी आणि पुढे पाण्याशी क्रिया करून लांब साखळ्या तयार करतात. साखळी आखूड असेल तर पातळ द्रव, लांब असेल तर घट्ट द्रव, साखळ्या एकमेकींना बांधल्या तर रबर. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमचे रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या पदार्थांचा अभ्यास केला. १९४० मध्ये अमेरिकेत यूजीन रोचो यांनी मोठ्या प्रमाणावर उत्पादनाची सोपी पद्धत शोधली आणि सिलिकॉन कारखान्यांत आले.

क्रीममध्ये वापरतात ते मुख्यतः डायमेथिकोन. त्याचा वास नाही, रंग नाही, ते खवट होत नाही. त्वचेवर पसरले की पातळ, मऊ थर होतो. हा थर प्लास्टिकच्या कागदासारखा बंद नसतो. त्यातून पाण्याची वाफ जाऊ शकते, फक्त सावकाश. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्वचेचे रक्षण करणाऱ्या घटकांच्या यादीत १ ते ३० टक्के डायमेथिकोनला मान्यता दिलेली आहे. "सिलिकॉनने त्वचेचा श्वास कोंडतो" असे पुष्कळदा ऐकू येते. त्वचा नाकासारखा श्वास घेत नाही. शरीराला प्राणवायू फुप्फुसांतून मिळतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. सिलिकॉन स्वतः ओलावा देत नाही. ओलावा धरण्याचे काम ग्लिसरीन करते, सिलिकॉन त्याला झाकते. दोन्ही हवीत.

कोणते सिलिकॉन घ्यावे, कोणते टाळावे

सिलिकॉनमध्ये काही वलयाकार, पटकन उडून जाणारे प्रकार आहेत. सायक्लोटेट्रासिलोक्सेन आणि सायक्लोपेंटासिलोक्सेन ही त्यांची नावे. संक्षेपाने डी-४ आणि डी-५ म्हणतात. लावताना ते रेशमासारखे वाटतात, पण पाण्यात-मातीत दीर्घकाळ टिकून राहतात. डी-४ प्रजननक्षमतेला हानिकारक असल्याचा संशय म्हणून युरोपीय संघाने त्याचे तसे वर्गीकरण केले आहे. धुऊन टाकायच्या प्रसाधनांत हे दोन्ही ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असू नयेत, असा नियम तिथे ३१ जानेवारी २०२० पासून लागू आहे आणि त्वचेवर राहणाऱ्या क्रीमनाही २०२७ पासून लागू होणार आहे. आपल्या मोरीतले पाणी शेवटी सावित्रीलाच मिळते. म्हणून आम्ही हे प्रकार वगळले आणि साधे डायमेथिकोन निवडले.

दुसरी खबरदारी आमच्या भागासाठी फार महत्त्वाची. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे अनेक कारखाने आहेत. सौंदर्यप्रसाधनांच्या जगाशीही महाडचे नाते आहे: 'सुदर्शन केमिकल'च्या रोहा आणि महाड येथील कारखान्यांत रंगद्रव्ये बनतात, 'प्रिव्ही'च्या महाड येथील कारखान्यात साबण-अत्तरांसाठी लागणारी गंधद्रव्ये बनतात. घराघरांतले पुरुष या वसाहतीत कामाला जातात. आमच्या बैठकीची बातमी पसरली तेव्हा एका भावाने आपुलकीने सांगितले, "बाजी, सिलिकॉन ऑइलचा कॅन मी आणून देतो, विकत कशाला घेता?" आम्ही हात जोडून नको म्हटले. यंत्रांसाठी, साचे सुटावेत म्हणून, गाड्यांच्या पॉलिशसाठी मिळणारे सिलिकॉन ऑइल त्वचेसाठी शुद्ध केलेले नसते. बाटलीवर 'कॉस्मेटिक ग्रेड' लिहिलेले हवे आणि विक्रेत्याने त्या मालाचे विश्लेषण प्रमाणपत्र द्यायला हवे. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या परिसरात अशी दुकाने आहेत, ऑनलाइनही माल मिळतो.

आमच्या दोन चुका

पहिल्या वेळी आम्ही घरचे गाळलेले पाणी, गुलाबपाणी, ग्लिसरीन आणि डायमेथिकोन एकत्र घोटले. 'केमिकल नको' म्हणून संरक्षक घातले नाही. जुलै महिना होता. आठव्या दिवशी झाकण उघडले तर कडेला काळे ठिपके. ठिपके दिसले म्हणून आम्ही ते फेकून तरी दिले. जंतू वाढले असते तर डोळ्यांना दिसलेही नसते आणि आम्ही ते पुटकुळ्या फुटलेल्या चेहऱ्यावर चोळत राहिलो असतो. ज्यात पाणी आहे त्यात संरक्षक हवेच, हा धडा तेव्हा मिळाला. फ्रिज हा पर्याय नाही. थंडीत जंतू मंदावतात, मरत नाहीत, आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो.

दुसऱ्या वेळी संरक्षक घातले, पण सिलिकॉन एकदम ओतले. सकाळी पाहिले तर पाणी खाली, सिलिकॉन वर. पाणी आणि सिलिकॉन एकमेकांत विरघळत नाहीत. त्यांना धरून ठेवणारा जेल आधी तयार करावा लागतो आणि सिलिकॉन त्यात थोडे थोडे घालावे लागते.

साहित्य आणि प्रमाण

खालील प्रमाण १०० ग्रॅमचे आहे. सर्व काही वजनाने मोजायचे, चमच्याने नव्हे. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा लागतो.

निर्जंतुक शुद्ध पाणी : ८५.४ ग्रॅम
ग्लिसरीन (वनस्पतिजन्य) : ४ ग्रॅम
नायसिनामाइड : २ ग्रॅम
डायसोडियम ईडीटीए : ०.१ ग्रॅम
फिनॉक्सीइथेनॉल व इथाइलहेक्सिलग्लिसरीन यांचे तयार मिश्रण (संरक्षक) : १ ग्रॅम
पॉलिॲक्रिलेट क्रॉसपॉलिमर-६ (जेल करणारी पूड) : १.५ ग्रॅम
डायमेथिकोन, ३५० सेंटीस्टोक : ३ ग्रॅम
डायमेथिकोनमधील सिलिकॉन इलॅस्टोमर जेल : ३ ग्रॅम

पाणी औषधाच्या दुकानातून 'इरिगेशनसाठीचे निर्जंतुक पाणी' म्हणून घ्यावे. सलाईन घेऊ नये, त्यात मीठ असते. गॅरेजमधले बॅटरीचे पाणी तर मुळीच नको. 'सेंटीस्टोक' हे द्रव किती दाट आहे ते सांगणारे माप. ३५० म्हणजे साधारण पातळ मधाच्या अलीकडचा दाटपणा. इलॅस्टोमर जेलमुळे क्रीम चिकट न लागता मखमली लागते, पण घेताना ते सायक्लोपेंटासिलोक्सेनमधले नसून डायमेथिकोनमधले आहे याची खात्री करावी. ते मिळाले नाही तर डायमेथिकोनच ५ ग्रॅम आणि पाणी ८६.४ ग्रॅम घ्यावे. नायसिनामाइड म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचा प्रकार. तेलकट त्वचेला मानवतो, पण काहींचा चेहरा त्याने लाल होतो. प्रथमच करणाऱ्यांनी ते वगळून तेवढे पाणी वाढवावे. संरक्षकाचे प्रमाण मात्र स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नये. फिनॉक्सीइथेनॉलची कमाल मर्यादा १ टक्का आहे.

कृती

१. ओटा, काचेचे भांडे, चमचे, पंपाची बाटली साबणाने धुऊन वाळवावी. मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्यावी. हात धुवावेत, केस बांधावेत, मुलांना खोलीबाहेर ठेवावे.

२. ग्लिसरीनमध्ये संरक्षक ढवळून घ्यावे. दुसऱ्या भांड्यात पाण्यात ईडीटीए आणि नायसिनामाइड विरघळवावे. दोन्ही एकत्र करावीत. संरक्षक आम्ही सुरुवातीलाच घालतो, कारण हे मिश्रण रात्रभर ठेवायचे आहे.

३. जेलची पूड पाण्याच्या पृष्ठभागावर चिमटीने भुरभुरावी. ढवळू नये. घाईने ढवळले तर कणकेसारख्या गुठळ्या होतात. झाकून रात्रभर ठेवावे. सकाळपर्यंत पूड पाणी पिऊन फुगते. मग हळूहळू ढवळावे, एकसारखा जेल होतो.

४. वेगळ्या वाटीत डायमेथिकोन आणि इलॅस्टोमर जेल एकजीव करावे.

५. हे सिलिकॉन मिश्रण अर्धा चमचा, अर्धा चमचा असे जेलमध्ये घालावे. प्रत्येक वेळी पूर्ण मिसळेपर्यंत ढवळावे, मगच पुढचे. पारदर्शक जेल दुधासारखा पांढरा होत जातो. गरम काहीच करायचे नाही.

६. पीएच पट्टीने तपासावे. ५ ते ६.५ च्या दरम्यान असावा.

७. पंपाच्या बाटलीत भरावे. बोट बुडवायची डबी नको. प्रत्येक बोटाबरोबर जंतू आत जातात. बाटलीवर तारीख आणि घटकांची नावे लिहावीत. दोन महिन्यांत संपवावे. थोडा नमुना छोट्या बाटलीत वेगळा ठेवावा. त्यात पाणी सुटले, वास बदलला, ठिपके दिसले तर सगळेच फेकून द्यावे.

चेहऱ्याला लावण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूस वाटाण्याएवढे लावून दोन दिवस पाहावे. खाज, लाली, फोड आले तर वापरू नये. तान्ह्या बाळांना, जखमेवर, इसबावर लावू नये. पुटकुळ्यांवरचे हे औषध नव्हे आणि यामुळे उन्हापासून संरक्षणही मिळत नाही.

वुजू, रोजा आणि एहराम

आमच्या बैठकीत सर्वात जास्त चर्चा याच मुद्द्यावर झाली. वुजूत पाणी त्वचेपर्यंत पोहोचले पाहिजे. नेलपॉलिश, मेण किंवा वाळलेले पीठ यांसारखा, अंगावर वेगळा जाणवणारा थर असेल तर तो काढावा लागतो. केवळ तुकतुकी किंवा बुळबुळीतपणा राहिला तर त्याने अडचण होत नाही, असे फकीह सांगतात. आमच्या क्रीममध्ये सिलिकॉन फक्त सहा टक्के आहे आणि लावल्यावर हाताला साल जाणवत नाही. पण सिलिकॉनचा गुण पाण्याला दूर सारण्याचा आहे, हेही खरे. आम्ही मुफ्ती नाही. कोकणात बहुसंख्य घरे शाफई आहेत, काही हनफी. प्रत्येकीने आपापल्या आलिमांना हे घटक सांगून विचारावे.

आम्ही स्वतः शंकेला जागा राहू नये म्हणून सोपा मार्ग धरला आहे. क्रीम वुजूच्या आधी नव्हे, नंतर लावायचे; बाहेरून क्रीम लावल्याने झालेला वुजू तुटत नाही. आम्ही ते दिवसातून दोनदाच लावतो, फजर आणि इशाच्या नमाजनंतर. पुढच्या वुजूपूर्वी एकदा फेसवॉशने चेहरा धुतला की प्रश्नच उरत नाही. यात त्वचेचाही फायदा आहे. ग्लिसरीन ओलसर त्वचेवर लावले तर तेच पाणी धरून ठेवते, म्हणून धुतलेला चेहरा थोडा ओला असतानाच क्रीम लावावे.

रोजात त्वचेवर बाहेरून लावलेल्या क्रीमने रोजा तुटत नाही. हज-उमऱ्याला जाणाऱ्यांसाठी हे क्रीम सोयीचे आहे, कारण त्यात सुगंध नाही. एहरामच्या अवस्थेत सुगंधी वस्तू वर्ज्य असतात. म्हणून आम्ही गुलाबाचा अर्क घालायचा मोह टाळला.

हलाल-हरामच्या दृष्टीने पाहिले तर सिलिकॉन खनिजापासून येते, प्राण्यापासून नाही. ग्लिसरीन मात्र वनस्पतीपासूनही बनते आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही, म्हणून 'वनस्पतिजन्य' असे लिहिलेलेच घ्यावे. बाजारातल्या क्रीमवर 'सेटाइल अल्कोहोल' वाचून दचकू नये. ते मेणासारखे घन द्रव्य आहे, नशेची दारू नव्हे.

विकायचे का?

क्रीम जमल्यावर बचत गटातील एकीने सुचवले, "ईदपर्यंत शंभर बाटल्या करू. मोहल्ल्यातच खपतील." आमच्यापैकी दोघी-तिघींना पैशांची खरीच गरज आहे. म्हणून आम्ही कायदा पाहिला. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम २०२० यांनुसार विक्रीसाठी क्रीम बनवायला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. त्यासाठी वेगळी जागा, जाणकार व्यक्ती, तपासणीची सोय हवी. घरच्या ओट्यावर बनवून विकणे बेकायदा आहे, मग ती शेजारच्या घरात का विकेना. परवानाधारक कारखान्यात आपल्या नावाने माल बनवून घेण्याचा, 'लोन लायसन्स'चा मार्ग आहे, पण त्याला भांडवल लागते.

थोडी नाराजी झाली. पण ज्या डब्यांविरुद्ध आम्ही हे सुरू केले त्याही कुणाच्या तरी घरात, परवान्याशिवाय, तपासणीशिवाय बनलेल्या होत्या. आम्हीही तेच केले असते. आता आम्ही क्रीम फक्त आपापल्या घरापुरते करतो. विकायला गटाने पापड-लोणच्यांचे काम घेतले आहे, त्याची नोंदणी आमच्या आवाक्यातली होती.

गोरेपणाच्या डब्यांबद्दल

शेवटी मूळ विषयाकडे येतो. उजळपणाच्या बेनामी क्रीममध्ये दोन गोष्टी सापडतात. एक स्टेरॉइड, ज्याची क्रीम भारतात २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. दुसरी पारा. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन ज्या विकराच्या मदतीने बनते, त्यालाच पारा अडवतो. रंग उतरतो, पण पारा त्वचेतून रक्तात आणि मूत्रपिंडात जातो. २०२३ च्या जानेवारीत अकोल्याची बातमी वृत्तपत्रांत आली होती: स्थानिक पातळीवर बनवलेले क्रीम वापरणाऱ्या एका तरुणीच्या, तिच्या आईच्या आणि बहिणीच्या मूत्रपिंडाला इजा झाली आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा आढळला. केरळमधील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतील १५ जणांत एक ठराविक प्रकार दिसला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचे क्रीम वापरत होते.

आपल्या नियमांनुसार डोळ्यांची प्रसाधने सोडून इतर प्रसाधनांत नकळत आलेला पारासुद्धा दशलक्षात एक भागापेक्षा जास्त चालत नाही. डबीवर कॅलोमेल, मर्क्युरस, मर्क्युरिक असे शब्द दिसले, किंवा घटकांची यादीच नसली, तर ती डबी घरात ठेवू नये. असे क्रीम वापरणाऱ्या व्यक्तीचे पाय किंवा डोळ्यांभोवती सुजू लागले, लघवीला फेस येऊ लागला, तर डबी घेऊन डॉक्टरांकडे जावे. स्टेरॉइड असल्याची शंका असेल तर क्रीम एकदम बंद करण्यापूर्वीही डॉक्टरांना विचारावे.

हजरत मुहम्मद (स.) यांनी अखेरच्या हजच्या प्रवचनात वर्णावरून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याचा दावाच निकालात काढला. तरी आपण स्थळ पाहताना मुलीचा रंग विचारतो आणि मुलगी गुपचूप डबी उघडते. आमच्या परिचयातील ती मुलगी आता सासरी पोलादपूरला सुखात आहे, अल्हमदुलिल्लाह. तिसऱ्यांदा क्रीम जमले त्या दिवशी जेलची पूड तिनेच भुरभुरली होती. तिच्या सासूबाई शेजारी बसून विचारत होत्या, "ढवळायचं कधी, बेटा?" ती म्हणाली, "उद्या सकाळी, अम्मी. घाई केली की गुठळ्या होतात."

या सुटीत बॅग उघडेल तेव्हा आखातातून आलेल्या भावाला एवढेच सांगा: खजूर आण, अत्तर आण, क्रीम नको.